पाहणे, दिसणे आणि इंग्रजी ‘सी’

रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाकडे पाठ करून उत्तरेस तोंड केले, म्हणजे काजळी नदी जेथे खाडी होऊन समुद्राला मिळते ते मुख, त्यापलीकडे मांडवी, आणि त्याहीपलीकडे समुद्रात घुसलेल्या डोंगरावरचे रत्नदुर्गाचे तट व दीपगृह, एवढे सारे एका दृष्टिक्षेपात येते; आणि या एकाच प्रसंगाचे वर्णन मराठी मनुष्य दोन निरनिराळ्या वाक्यांनी करू शकतो. ‘मी दीपगृह पाहतो’ हे एक वाक्य, ‘मला दीपगृह दिसते’ हे दुसरे. पहिल्यात मान वळवणारा, डोळे रोखणारा, मनात येईल तेव्हा पाहणे थांबवू शकणारा मी आहे. दुसऱ्यात दीपगृह आपण होऊन माझ्याकडे आलेले आहे आणि मी ते स्वीकारणारा आहे. तिन्हीसांजेला दिवा लागला म्हणजे ज्याने त्या दिशेला हेतुपुरस्सर डोळे वळवलेले नाहीत त्यालाही तो दिसतो. आषाढातल्या धुवांधार पावसात मात्र कोणी कितीही पाहिले तरी तो दिसत नाही. ‘पाहिले, पण दिसले नाही’ या वाक्यात मराठी कानाला काहीही विसंगत वाटत नाही, आणि या लेखाचा सारा विषय त्या एका ‘पण’मध्ये सामावलेला आहे.

इंग्रजी शिकू लागलेल्या आपल्या मुलाला पहिल्याच वर्षी जी क्रियापदे भेटतात त्यांत ‘सी’ हे एक असते, आणि ‘सी म्हणजे पाहणे’ असा अर्थ त्याच्या वहीत उतरवून दिला जातो. मलाही तो तसाच उतरवून मिळाला होता, आणि त्या तीन शब्दांची चूक उमगायला माझी कित्येक वर्षे गेली. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्यांना वाक्याला वाक्य जुळवण्याची शिस्त तरी लागली होती. शब्दाला शब्द चिकटवण्याची आजची घाई त्या शिस्तीत बसत नव्हती. वस्तुतः ‘सी’चा पहिला आणि नैसर्गिक अर्थ ‘दिसणे’ हाच आहे. हेतुपूर्वक पाहण्यासाठी इंग्रजीत ‘लुक’ आहे, हलत्या गोष्टीवर दृष्टी ठेवून राहण्यासाठी ‘वॉच’ आहे. तथापि नाटक पाहिले, गाव पाहिले, भाड्याचे घर पाहिले, वैद्याला प्रकृती दाखवली, अशा ठिकाणी ‘सी’ आपली मर्यादा ओलांडून ‘पाहणे’च्या प्रांतात शिरते, आणि तेथेच मराठी विद्यार्थ्याची फसगत होते. भूतकाळी ‘सॉ’ हे रूप समोर आले म्हणजे त्याचे मराठी ‘मी पाहिले’ की ‘मला दिसले’, हे केवळ त्या रूपावरून सांगता येत नाही.

‘सी’च्या वाक्यरचनेतील तीन गोष्टींकडे येथे लक्ष वेधले पाहिजे. पहिली अशी की, दिसण्याच्या अर्थी हे क्रियापद चालू काळात सहसा येत नाही. इंग्रजी माणसाच्या लेखी दिसणे ही घडत राहणारी क्रिया नसून एक स्थिती आहे, आणि म्हणून ‘आय ॲम सीइंग अ बोट’ हे वाक्य त्याच्या कानाला खटकते. आपण मात्र ‘मला होडी दिसत आहे’ असे सुखाने म्हणतो, आणि तेच वळण इंग्रजीत नेतो. आपल्या मुलांच्या इंग्रजीतील या चुकीचे मूळ आपल्या मराठीच्या निर्दोष रचनेत आहे, हे शिक्षकांनी ध्यानात घेतले तर ताशेरे ओढण्यापेक्षा समजावून देणे त्यांना सोपे जाईल. दुसरी गोष्ट, त्या वेळी डोळ्यांपुढे असलेली वस्तू सांगताना इंग्रजी मनुष्य ‘कॅन सी’ म्हणतो. त्यातील ‘कॅन’ला सामर्थ्याचा अर्थ जवळजवळ उरलेला नसतो, ‘दिसते’ या एका शब्दात ‘कॅन सी’ पुरे उतरते. तिसरी गोष्ट या दोहोंपेक्षा सूक्ष्म आहे. ‘आय सॉ हिम क्रॉस द ब्रिज’ म्हटले तर माणूस पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला आपण पाहिला. ‘क्रॉसिंग’ म्हटले तर तो मध्येच कोठेतरी असताना नजरेस पडला, पुढे गेला की परत फिरला हे ठाऊक नाही. मराठीने हा भेद आपल्या कृदंतांनी तितक्याच नेमकेपणाने राखला आहे: ‘त्याने भाट्याचा पूल ओलांडलेला मी पाहिला’ आणि ‘तो भाट्याचा पूल ओलांडताना मला दिसला’. इंग्रजीत कर्मणी प्रयोग करताच कर्तरीत गळालेला ‘टु’ पुन्हा अवतरतो, ही अडचण निराळी. तिला आपल्याकडे जोड नाही.

भाषाशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा विचार जगातील भाषा एकत्र मांडून केलेला आहे. ओके विबेर्ग या स्वीडिश अभ्यासकाने 1980 नंतरच्या काही वर्षांत सुमारे 50 भाषांतील संवेदनवाचक क्रियापदे तपासून असा आराखडा मांडला की, प्रत्येक इंद्रियाच्या बाबतीत तीन अर्थ संभवतात: इंद्रिय हेतुपूर्वक लावणे, संवेदना आपोआप होणे, आणि वस्तूने स्वतः अमुक प्रकारची भासणे. हा आराखडा हाती घेऊन इंग्रजी व मराठी शेजारी ठेवल्या, तर जे दिसते ते मोठे मनोरम आहे. इंग्रजीने पहिला आणि तिसरा अर्थ एका ‘लुक’मध्ये घातले (माणूस वस्तूकडे ‘लुक’ करतो, आणि थकलेलाही ‘लुक’ करतो) व मधला ‘सी’ निराळा ठेवला. मराठीने दुसरा आणि तिसरा एकत्र बांधले: ‘मला तो दिसला’ आणि ‘तो थकलेला दिसला’, निराळे ठेवले ते ‘पाहणे’. दोन भाषांनी एकच वस्त्र दोन वेगळ्या रेषांवर फाडले आहे, आणि ‘सी म्हणजे पाहणे’ हा वहीतला अर्थ चुकतो तो याच कारणाने. कानाच्या बाबतीत इंग्रजीला तीन अर्थांना तीन शब्द आहेत; आपण ‘ऐकणे’ व ‘ऐकू येणे’ या जोडीवर भागवतो. नाकाच्या बाबतीत उलटे: इंग्रजीत एकच ‘स्मेल’ तिन्ही कामे करतो, आणि आपण ‘वास घेणे’ व ‘वास येणे’ हा भेद कटाक्षाने पाळतो. जिभेसाठी तर मराठीने ‘लागणे’ हे जे क्रियापद योजले आहे, त्याची गोडी काही वेगळीच. हापूस गोड ‘असतो’ हे ज्ञान झाले. हापूस गोड ‘लागतो’ हा अनुभव झाला, आणि त्या ‘लागतो’त फळाने जिभेला येऊन स्पर्श केल्याची जाणीव जिवंत आहे.

‘येणे’, ‘लागणे’, ‘दिसणे’, ‘वाटणे’ ही सारी क्रियापदे अशी आहेत की त्यांत अनुभवणारा ‘मी’ प्रथमेत नसून ‘मला’ या रूपात बाजूला उभा आहे. असे का, याचे ‘दिसणे’पुरते उत्तर इतिहासात मिळते. संस्कृतातील ‘दृश्यते’, प्राकृतातील ‘दिस्सइ’ आणि मराठीतील ‘दिसे’, ‘दिसते’ अशी ही सरळ परंपरा आहे. आणि ‘दृश्यते’ हे मुळात कर्मणी रूप, म्हणजे ‘पाहिले जाते’. जे पाहिले जाते ते प्रथमेत, आणि ज्याच्याकडून पाहिले जाते तो संस्कृतात तृतीयेत. मराठीत कर्मणीची स्मृती पुसली, क्रियापद अकर्मक होऊन बसले, आणि ‘मया’च्या जागी ‘मला’ आले. म्हणजे करणारा होता तो ग्रहण करणारा झाला. जुन्या मराठीत आणखी एक समर्थ क्रियापद होते, ते ‘देखणे’. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मधील ज्ञानेश्वरीत ते पानोपानी आढळते. आज त्या क्रियापदाचे राज्य खालसा झाले आहे. उरली आहेत ती त्याची वतने: देखणा, देखावा, देखरेख, डोळ्यांदेखत. हिंदीने आणि गुजरातीने ज्याला जपले ते आपण सोडले, आणि बोलण्यात ‘बघणे’ला व लिहिण्यात ‘पाहणे’ला पुढे आणले. या ‘पाहणे’चे आज्ञार्थी रूप ‘पाहा’ की ‘पहा’, यावर आपल्याकडे बराच वाद झाला, आणि साहित्य महामंडळाच्या नियमांनी अखेर दोन्ही चालवून घेतली. (‘पाहुणा’ या शब्दाचा मात्र ‘पाहणे’शी संबंध नाही, तो ‘प्राघुण’पासून आलेला आहे.)

आता व्याकरणकारांकडे वळू. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 साली प्रसिद्ध झाले, आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. हे दामले म्हणजे याच जिल्ह्यातील मालगुंडच्या दामले घराण्यातले, कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. आणि भाट्यापासून मालगुंडापर्यंतच्या या किनाऱ्याने आधुनिक मराठी कवितेला तसेच मराठी व्याकरणालाही अग्रणी दिला, याचा अभिमान आम्हां रत्नागिरीकरांनी जितका बाळगावा तितका बाळगलेला नाही, असे मला स्पष्ट वाटते. या व्याकरणकारांच्या मागून चालत आलेल्या आणि शाळांतून रुजलेल्या परंपरेत कर्ता ओळखण्याची एक सोपी कसोटी सांगतात: धातूला ‘णारा’ लावून ‘कोण’ असे विचारावे. ‘मला थंडी वाजते’: वाजणारी कोण? थंडी, म्हणून थंडी हा कर्ता. ‘मला दीपगृह दिसते’: दिसणारे कोण? दीपगृह, म्हणून दीपगृह हा कर्ता, आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे चालते, म्हणून कर्तरी प्रयोग. रूपाच्या दृष्टीने हा निर्णय बिनतोड आहे. होडी दिसली, दिवा दिसला, तारू दिसले. ‘मला’ कोणीही असो, क्रियापद त्याला जुमानत नाही.

तथापि रूपाने दिलेला हा निवाडा वाक्याच्या अंतरंगाला मान्य होत नाही. ‘शंकरला आपला भाऊ दिसला’ या वाक्यात ‘आपला’ कोणाचा? शंकरचा. मराठीत ‘आपला’ हा शब्द सामान्यतः कर्त्याकडे बोट दाखवतो. येथे भाऊ हा कर्ता मानला तर ‘आपला’ला जाण्यास जागाच उरत नाही. तसेच ‘बनातून बाहेर येताच मला होडी दिसली’ या वाक्यात बनातून बाहेर कोण आले, असे विचारले तर कोणताही मराठी मनुष्य ‘मी’ असेच सांगेल. होडी बनातून बाहेर आली असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. म्हणजे क्रियापदाचे लिंगवचन होडीच्या हुकमतीत, आणि वाक्यातील बाकीचे सारे दुवे ‘मला’च्या हुकमतीत, अशी दुहेरी अंमलदारी या रचनेत आहे. भारतीय भाषांतील या ‘अनुभवकर्त्या’वर एम. के. वर्मा व के. पी. मोहनन यांनी संपादिलेला लेखसंग्रह 1990 साली निघाला, आणि ही रचना मराठीची एकटीची नसून द्राविडी भाषांसह सर्व भारतखंडात पसरलेली आहे, हे आता सर्वमान्य आहे. माझे मत असे की, शाळेत ‘दीपगृह हा कर्ता’ एवढे शिकवून थांबणे म्हणजे मुलाला अर्धेच सत्य देणे होय. ‘मला’ हा चतुर्थीतला का होईना पण वाक्याचा धनी आहे, हे त्याला दोन उदाहरणांनी सांगता येते, आणि त्याला ते कळतेही.

‘पाहणे’ची गोष्ट अगदी निराळी. ते सकर्मक असल्यामुळे भूतकाळी कर्माच्या मागे जाते: मी होडी पाहिली, त्याने पूल पाहिला. त्यातही ‘तू होडी पाहिलीस’ असे म्हणताना क्रियापद कर्माचे लिंग घेऊन शेवटी कर्त्याचा ‘स’ही लावते, आणि यालाच व्याकरणकारांनी कर्तृ-कर्म संकर म्हटले. रत्नागिरीच्या बोलण्यात ही कर्त्याची खूण तृतीय पुरुषातही टिकून आहे: ‘त्याने बघितलंन्’, ‘तिने सांगितलंन्’. शहरगावी या ‘न्’ला अशुद्ध म्हणून हसतात, वास्तविक ‘पाहिलीस’मधला ‘स’ जर शुद्ध, तर ‘बघितलंन्’मधला ‘न्’ अशुद्ध कसा, याचे उत्तर कोणी देत नाही. दिसण्याच्या क्रियापदाला मात्र असा ‘न्’ लागत नाही. ‘त्याला दिसलंन्’ असे येथील म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून कधी निघणार नाही. करणे आणि होणे यांतली सीमारेषा बोलीने किती दक्षतेने सांभाळली आहे, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

खाडी ओलांडून दक्षिणेस गोव्याकडे गेले की चित्र पालटते. कोकणीत ‘म्हाका दिसता’ म्हणजे ‘मला दिसते’ तर खरेच, पण त्याचा नित्याचा अर्थ ‘मला वाटते’ असा आहे. जे दृष्टीला पडते आणि जे मनाला पडते त्यांना एकच शब्द. तमिळमध्ये ‘तेरि’ हा धातू दिसणे व ठाऊक असणे या दोहोंना पुरतो. डोळा हाच ज्ञानाचा दरवाजा, ही कल्पना इंग्रजीतही आहे. ‘आय सी’ म्हणजे ‘कळले’. आपणही ‘पाऊस येणार असे दिसते’ म्हणतो तेव्हा ढगांवरून केलेले अनुमानच सांगत असतो. ‘ऐकणे’चे वळण दुसरे. मूल ऐकत नाही म्हणजे ते बहिरे नव्हे, ते आज्ञा मोडते. दृष्टी ज्ञानाकडे जाते, श्रवण आज्ञापालनाकडे, असे भाषाशास्त्रज्ञ ईव्ह स्वीट्सर यांनी 1990 साली युरोपीय भाषांवरून मांडले. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या भाषांत ज्ञानाचा मान कानाला दिलेला आहे, असे पुढे इव्हान्स व विल्किन्स यांनी दाखवून दिले. मराठी या प्रकरणात युरोपीय भाषांच्या बाजूला बसते.

‘पाहणे’ने मराठीत जो विस्तार केला आहे तो ‘सी’ला साधलेला नाही. चाखून पाहा, हुंगून पाहा, हात लावून पाहा, ऐकून पाहा. इतर इंद्रियांची कामेसुद्धा शेवटी डोळ्याच्याच दप्तरी नोंदवली जातात. ‘बोलून पाहिले’ म्हणजे प्रयत्न केला, आणि ‘बोलू पाहत होता’ म्हणजे बोलण्याची इच्छा धरली. ‘ऊन’ आणि ‘ऊ’ एवढ्या फरकाने प्रयत्न व इच्छा वेगळ्या झाल्या. कानडीत ‘माडि नोडु’ म्हणतात, तेही ‘करून पाहा’ हेच. शिवाय वाट पाहणे, अंत पाहणे, स्थळ पाहणे, कारभार पाहणे. ‘पाहणे’च्या जोडीला असलेल्या ‘नजरे’चे घराणे फारसी-अरबीतून आलेले, पण ते दरबारातून गावकुसापर्यंत उतरले: नजरचूक, नजरकैद, नजरेआड. नजराणा मात्र या घराण्यातला नव्हे. तो ‘भेट, नवस’ या अर्थाच्या दुसऱ्याच अरबी शब्दापासून आला, आणि मराठी ‘ज’ने दोघांना एका पंक्तीस बसवले. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि 1924 ते 1937 या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीचा हिरिरीने पुरस्कार केला. तरी ‘नजर’ हलली नाही. महसुली दप्तरात ‘पाहणी’ आणि ‘नजर’ शेजारी नांदतात. पीकपाहणी सातबाऱ्यावर चढते, आणि हंगामाची पैसेवारी आधी ‘नजरअंदाज’ जाहीर होते. येथे ‘नजरअंदाज’ म्हणजे डोळ्यांनी केलेला अदमास. हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ दुर्लक्ष करणे. अलीकडे मराठी वर्तमानपत्रे हा हिंदी अर्थ सर्रास वापरू लागली आहेत. तलाठ्याने पीक ‘नजरअंदाज’ केले, या वाक्याचा अर्थ आता शेतकऱ्याने काय घ्यावा?

हा भेद कोठे खरोखर जड ठरतो, तर न्यायालयात. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातील कलम 60 अन्वये, तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागे. गोष्ट पाहण्याजोगी असेल तर ती आपण पाहिली असे सांगणाराच साक्षीदार हवा, ऐकण्याजोगी असेल तर ऐकणारा, आणि अन्य इंद्रियाची असेल तर त्या इंद्रियाने जाणणारा. 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. तत्त्व तेच राहिले. ‘साक्षी’ या शब्दाची व्युत्पत्तीही पाणिनीने ‘प्रत्यक्ष पाहणारा’ अशीच लावली आहे. आता मराठी साक्षीदार जबानीत ‘मी त्याला पाहिले’ म्हणतो तेव्हा तो आपले लक्ष तिकडे होते असे सांगतो. ‘मला तो दिसला’ म्हणतो तेव्हा तो सहज नजरेस पडला एवढेच. लक्ष किती होते, किती वेळ होते, ओळख पटण्यास ते पुरेसे होते काय, हे प्रश्न उलटतपासणीत याच भेदावर उभे राहतात. त्या जबानीचे इंग्रजी करताना दोन्ही वाक्यांचे ‘सॉ’ झाले, की साक्षीदाराने भाषेच्या कृपेने जे नेमके सांगितले होते ते कागदावर उतरतच नाही. अशा भाषांतरात जरुरीप्रमाणे मूळ मराठी क्रियापद देवनागरीत शेजारी लिहिण्याचा प्रघात पडावा, असे मला निकडीने वाटते.

इतक्या काटेकोरपणे घडलेली ही रचना आज आपल्याच हातून बोथट होत आहे. दूरचित्रवाणीवरील वार्ताहर पूर आलेल्या नदीच्या काठी उभा राहून ‘आपण पाहू शकता’ असे म्हणतो. हे ‘यू कॅन सी’चे व त्याच्या हिंदी अवताराचे अक्षरशः रूपांतर, मराठीत ‘तुम्हाला दिसतच आहे’, किंवा नुसते ‘हे बघा’. दूरध्वनीवर ‘तुम्ही मला ऐकू शकता का?’ असे विचारणारा मराठी मनुष्य ‘माझा आवाज येतोय का?’ हे आईकडून शिकलेले वाक्य विसरलेला असतो. ‘मला असे फील होते’ म्हणणाऱ्याने ‘वाटणे’ गमावले आहे. यात परका शब्द आला याचे दुःख मला फारसे नाही. नजरही परकीच होती. दुःख रचनेचे आहे. ‘मला’च्या जागी ‘मी’ आणि ‘शकतो’ आले, की दिसणारी वस्तू, येणारा आवाज, लागणारी चव या साऱ्यांचे कर्तृत्व हिरावले जाते, आणि प्रत्येक संवेदना माणसाच्या सामर्थ्याचा पराक्रम होऊन बसते.

मराठी शिकवणाऱ्या रत्नागिरीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. व्याकरणाच्या एका तासाला वर्ग भाट्याच्या वाळूवर न्यावा, मुलांना खाडीच्या मुखाकडे तोंड करून उभे करावे, आणि प्रत्येकाकडून दोन वाक्ये लिहून घ्यावीत: त्याने काय पाहिले, आणि त्याला काय दिसले.